रुग्णाच्या उशाशी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. परसवाड्याच्या आसपासची धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. आम्ही सायंप्रार्थना संपवून पडवीत बसलो होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मोटारसायकलवरून भिजत आला. त्याचे वडील तीन आठवड्यांपासून नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात होते. बालाघाट जिल्ह्यातील हा आमचा मुलूख महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचा खरा. पण दुखणे मोठे झाले की येथील माणसाची वाट गोंदिया-नागपूरकडेच वळते. वडिलांना पोटाचा कर्करोग झाला होता आणि तो पसरला होता. "फादर, डॉक्टर म्हणतात, आता काही नाही. उद्या चला," एवढेच तो बोलला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बालाघाट, गोंदिया आणि तेथून नागपूर. वॉर्डात पोहोचेपर्यंत दुपार टळली होती. वडिलांची शुद्ध सकाळीच हरपली होती.

वाचकहो, येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. या बोलावण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही त्यांना एकदा भेटून आलो होतो. त्या वेळी दोन्ही मुलगे आम्हांला जिन्याच्या पायथ्याशीच गाठून म्हणाले, "फादर, बाबांना रोगाचे नाव सांगितलेले नाही. तुम्ही तेलाची डबी काढली की ते समजून जातील आणि धीर सोडतील. आज नुसते भेटा." आम्ही त्यांचे ऐकले. डबी खिशातच राहिली. वर जाऊन आम्ही पावसाच्या आणि पिकाच्या गोष्टी बोललो, थोरल्या नातवाच्या शाळेची चौकशी केली आणि दहा मिनिटांत उठलो. निघताना त्यांनी आमचा हात नेहमीपेक्षा अंमळ अधिक वेळ धरून ठेवला. "फादर, बसा की अजून," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "बाबा, गाडीची वेळ झाली." गाडीला अजून दोन तास अवकाश होता.

दुसऱ्या खेपेस आम्ही त्यांच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावले. शुद्धीत असता ज्याने हा संस्कार मागितला असता, त्याला शुद्ध नसतानाही तो देता येतो, अशी ख्रिस्तसभेची आज्ञा आहे. तेव्हा त्यात उणीव राहिली असे नव्हे. पण प्रार्थना संपल्यावर शेजारच्या खाटेवरील रुग्णाने आम्हांला खुणेने जवळ बोलावले. तो भंडाऱ्याकडचा एक हिंदू शेतकरी होता; त्याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "फादरजी, त्यायले सारं ठाऊक होतं. मले रात्री सांगत. पोरायले वाईट वाटंल म्हणून गप्प आहो, म्हणत." पुढे कळले ते असे. आमच्या या मनुष्याचे धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून, इकडे ज्याला धुरा म्हणतात त्यावरून, वैर होते. सात वर्षे दोघांत बोलणे नव्हते. मरण्यापूर्वी एकदा भावाला भेटावे व पापनिवेदन करावे, असे त्यांच्या मनात होते. आज सांगू, उद्या सांगू, असे ते त्या शेजाऱ्याला म्हणत. मुले बापापासून एक गोष्ट लपवीत होती, बाप मुलांपासून तीच गोष्ट लपवीत होता, आणि ज्याच्यापाशी त्याने मन मोकळे केले तो एक परका मनुष्य होता. त्यांचे धर्मगुरू मात्र खिशात डबी ठेवून पावसाच्या गोष्टी बोलून निघून गेले होते.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. रुग्णालयात धर्मगुरूचे काम तरी कोणते? आणि आम्हांस पाहून आजाऱ्याच्या घरचे लोक घाबरतात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, कोणी दुखणाईत असल्यास त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावावे व त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. तेथे दुखणाईत म्हटले आहे, मरणोन्मुख म्हटलेले नाही. परंतु मध्ययुगापासून हा संस्कार हळूहळू शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवण्याची चाल पडली, आणि त्याचे नावही अंत्याभ्यंग असेच रूढ झाले. आपल्या भाषेत अभ्यंग हा केवढा आनंदाचा शब्द! दिवाळीच्या पहाटेचे तेल, उटणे आणि ऊन पाणी त्यात आहे. त्यामागे 'अंत्य' लागले आणि त्याच शब्दाने माणसाच्या पोटात गोळा येऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात, या संस्कारास रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य असून तो केवळ मृत्यूच्या दारी पोहोचलेल्यांसाठी नाही, असे स्पष्ट केले. परमगुरुस्वामी सहावे पौल यांनी १९७२ साली त्याचा नवा विधी लागू केला. तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तरी आमच्या गावांत अजूनही फादर रुग्णाच्या घरी शिरले की शेजारीपाजारी रडू लागतात.

म्हणून थोडे तपशील सांगतो. दुखणे गंभीर असेल तर हा संस्कार घ्यावा. त्यासाठी प्राण कंठाशी येण्याची वाट पाहू नये. एखाद्या गंभीर आजारासाठी शस्त्रक्रिया व्हावयाची असल्यास तिच्या आधी घ्यावा. रोग नसला तरी वृद्धापकाळाने फार थकलेल्यांना घेता येतो, आणि दुखणे पुन्हा उलटले किंवा वाढले तर पुन्हाही घेता येतो. समज आलेल्या मुलांनाही देता येतो. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी एक तास उपाशी राहण्याचा नियम आजारी, वृद्ध व त्यांची शुश्रूषा करणारे यांना बांधील नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण रात्रभर जागून पहाटे चहाचा घोट घेतला म्हणून ख्रिस्तशरीर न घेणाऱ्या मायबहिणी आम्ही पाहिल्या आहेत.

आता पहिला प्रश्न. हे काम आपल्या भूमीला नवे नाही. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि वाटेत मोझांबिकला मुक्काम करून ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. त्यांच्यापाशी पोपमहाराजांचे प्रतिनिधी म्हणून अधिकारपत्रे होती. मनात आणले असते तर एखाद्या वाड्यात राहता आले असते. त्यांनी राहण्यासाठी गोव्याचे राजकीय रुग्णालय निवडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी रोममधील आपल्या बांधवांना जे पत्र धाडले, त्यात दिनक्रम आला आहे. रुग्णालयातील आजाऱ्यांचे पापनिवेदन ऐकावे, त्यांना ख्रिस्तशरीर द्यावे. तेवढे झाल्यावर बाहेरून येणाऱ्यांचे ऐकावे. दुपारनंतर तुरुंगातील कैद्यांकडे जावे. मग मुलांना प्रार्थना शिकवाव्यात. रविवारी शहराबाहेर महारोग्यांपाशी मिस्साबली अर्पावा. चरित्रकार सांगतात की ज्याचे दुखणे सर्वांत भारी असेल त्याच्या खाटेशेजारी ते जमिनीवर निजत, म्हणजे रात्री हाक आली तर चटकन उठता यावे. ते रुग्णालय मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी होते, हेही सांगितले पाहिजे. गोव्यातील गोरगरीब रयतेला तेथे खाट मिळत नसे. पुढे त्याचा कारभार येशूसंघाकडे आला आणि पिरार दी लावाल नावाचा फ्रेंच प्रवासी १६०८ च्या सुमारास तेथे उपचार घेऊन गेला, त्याने त्या रुग्णालयाची फार वाखाणणी करून ठेवली आहे.

झेवियरांच्या त्या पाच महिन्यांचा विचार करताना आम्हांला मोठ्या चमत्कारांपेक्षा ते जमिनीवर निजणेच अधिक भावते. आमचा नागपूरचा रुग्ण 'बसा की अजून' म्हणाला, तेव्हा त्याला याहून अधिक काय हवे होते?

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान पुष्कळ शिकविले गेले. रुग्णाच्या खाटेशेजारी गप्प कसे बसावे हे मात्र आम्ही शिकलो नव्हतो. ही उणीव आमची एकट्याची नाही. अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक होते. त्यांना स्वतःला एकदा मनोरुग्णालयात राहावे लागले होते. बरे झाल्यावर त्यांनी १९२५ साली वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांना नेऊन रुग्णांमध्ये कामाला लावले. पुस्तके जशी बारकाईने वाचता तशी ही माणसेही वाचा, असे त्यांचे म्हणणे. तेथून ही शिक्षणाची पद्धत जगभर पसरली. आज पुष्कळ रुग्णालयांत असे शिक्षण घेतलेले धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिकही नेमलेले असतात. आमच्यासारख्या खेड्यातल्या धर्मगुरूला ते शिक्षण मिळाले नाही तर रुग्णच शिकवितात; फी थोडी जबर पडते, इतकेच.

ईयोबाच्या मित्रांची कथा तुम्हांस ठाऊक आहे. ते त्याचे हाल ऐकून दुरून आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले आणि सारे बिघडले! रुग्णालयात आपण भेटीला जातो तेव्हा पहिल्या मिनिटालाच आठवा दिवस उजाडतो. 'देवाची इच्छा', 'काही होत नाही, दहा दिवसांत घरी याल', 'आमच्या मेहुण्याला हेच झाले होते, तो तर गेला बिचारा', ही आमच्या लोकांची ठरलेली वाक्ये. रुग्ण बिचारा मान हलवितो. तो आपलेच सांत्वन करीत असतो.

आम्ही हल्ली जे करतो ते सांगतो. यात विद्वत्ता काही नाही. आधी वॉर्डातील परिचारिकेला विचारतो, आता भेटू का? (रुग्णालयात परिचारिकेलाही सिस्टर म्हणतात आणि धर्मभगिनीलाही, एकदा या घोटाळ्यात आम्ही एका हिंदू परिचारिकेला तिच्या मठाचे नाव विचारून बसलो होतो. ती हसली आणि तिने स्टूल आणून दिले.) उभ्याने बोलत नाही, बसतो, उभा माणूस निघण्याच्या तयारीत दिसतो. रुग्ण झोपला असेल तर उठवीत नाही. आणि एक प्रश्न विचारतो: "बाबा, डॉक्टरांनी तुम्हांला काय सांगितले?" मग थांबतो. ज्याला रोगाचे नाव नको असते तो विषय बदलतो, आम्हीही बदलतो. ज्याला बोलावयाचे असते तो बोलू लागतो. रोगाचे नाव सांगणे हे डॉक्टरांचे काम, आमचे नव्हे; पण रुग्णाला जे आधीच कळले आहे ते त्याला मोकळेपणाने बोलता यावे, एवढे दार उघडे ठेवणे आमच्या हाती आहे. मुलगे म्हणतात, बाबा धीर सोडतील. काही जण सोडतातही, एक दिवस, दोन दिवस. परंतु ज्यांनी धीर सोडला ते निदान कोणाच्या तरी खांद्यावर मान टाकून रडले. एकट्याने भिंतीकडे तोंड करून रडण्यापेक्षा ते बरे, असे आमचे मत झाले आहे.

पापनिवेदनाविषयी एक अडचण नेहमी येते. सरकारी वॉर्डात खाटेला खाट लागलेली, पडदा असला तर असला, शेजारी दुसऱ्याचे नातेवाईक डबा खात बसलेले. अशा ठिकाणी पापनिवेदन कसे करावे? घरच्यांनी पाच मिनिटे बाहेर जावे आणि शेजाऱ्यांनाही नम्रपणे विनवावे. आमचा अनुभव असा की कोणत्याही धर्माची माणसे असोत, ती लगेच उठतात. आम्ही कान रुग्णाच्या तोंडापाशी नेतो. ज्याला बोलता येत नाही त्याने खुणेने, हात दाबून, मान हलवून पश्चात्ताप दाखविला तरी पुरे. मृत्यूचा धोका असता कोणताही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो. तेव्हा आमचेच फादर आले पाहिजेत असा हट्ट धरून अमोल वेळ दवडू नये.

वेदनेविषयीही बोलले पाहिजे. आमच्यात एक समजूत आहे की दुखणे सोसणे हेच प्रायश्चित्त, आणि वेदना शमविणारे औषध घेणे म्हणजे क्रूस खाली ठेवणे. एका म्हाताऱ्या आजीने या समजुतीपायी रात्रभर तळमळत गोळी उशीखाली लपवून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले होते की, वेदना शमविण्यासाठी गुंगीचे औषध देणे योग्य आहे. दुसरा उपाय नसल्यास व हेतू वेदनाशमनाचाच असल्यास, त्यामुळे आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरीही. जाणूनबुजून प्राण घेणे ही गोष्ट अगदी निराळी. तेव्हा आजीबाई, गोळी घ्यावी.

या कामी एका इंग्रज बाईचे ऋण साऱ्या जगावर आहे. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडचा एक ज्यू तरुण मरणपंथास लागला होता. त्याचे तेथे आपले असे कोणी नव्हते. साँडर्सबाई त्याच्याशी बोलत बसत. मरणोन्मुखांसाठी एक घर असावे, अशी कल्पना त्या बोलण्यातूनच निघाली. त्याने मरताना पाचशे पौंड त्यांना ठेवले, आणि तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन, अशा अर्थाचे काही म्हणाला. घर उभे राहण्यास आणखी एकोणीस वर्षे लागली. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हे मरणोन्मुखांचे सेवागृह उघडले, आणि तेथे ती खिडकी आहे. बाईंचे सांगणे असे की मनुष्याची वेदना एका अवयवात नसते: शरीर दुखते, मन दुखते, घरादाराची काळजी दुखते, आणि आपल्या जगण्याचा अर्थ काय हा प्रश्नही दुखतो, यांतील एकच दुखणे धरून इलाज केला तर मनुष्य बरा वाटत नाही. आमच्या नागपूरच्या रुग्णाला वेदनेवर औषध चालू होते. धुऱ्याच्या दुखण्यावर कोणी बोट ठेवले नव्हते.

असे पहिले सेवागृह भारतात आपल्या मुंबईतच झाले. वांद्र्याला मौंट मेरीच्या मंदिराजवळ डॉ. एल. जे. डिसूझा या शल्यचिकित्सकांनी १९८६ साली शांती अवेदना सदन उघडले. तेथे कर्करोगाचे शेवटच्या अवस्थेतील रुग्ण ठेवून घेतात, जात-धर्म विचारीत नाहीत, आणि धर्मभगिनी त्यांची शुश्रूषा करतात. पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. बरे करण्याचे वचन त्या नावात नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

जात-धर्माचा विषय निघाला म्हणून आमच्या प्रांतातील एक नाजूक गोष्ट सांगतो. १९५६ पर्यंत बालाघाट व नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या सरकारने १९५४ साली भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यास समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. मिशनच्या शाळा व दवाखाने यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका त्यात होता. आपल्या लोकांस तो अन्यायाचा वाटला आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे १९६८ साली या राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला व २०२१ साली त्याच्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला. या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु कायदा नसता तरी एक गोष्ट आमची विवेकबुद्धी आम्हांस सांगतेच. खाटेवर पडलेला मनुष्य उठून जाऊ शकत नाही. ज्याला आपल्यापासून दूर जाता येत नाही त्याच्यापाशी आपल्या धर्माचा आग्रह धरणे हा त्याच्या असहायतेचा फायदा घेणे होय. विश्वपरिषदेनेही १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात, विशेषतः गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत जबरदस्तीचा वासही येता कामा नये, असे बजावले आहे.

मागे गोंडसमाजातील चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी सिकलसेलच्या वेदनेने तळमळत असताना आम्ही त्या वॉर्डात होतो. हा रक्ताचा वंशपरंपरेने येणारा रोग आमच्याकडे आणि विदर्भातही पुष्कळ. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती मध्य प्रदेशातूनच. त्या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांतून पुढे सरकत नाहीत आणि हाडे फुटावीत तशी कळ येते. आम्ही परिचारिकेला शोधून आणले, मुलीच्या आजीला पाणी दिले आणि मग स्टुलावर बसून राहिलो. आजी आपल्या बडादेवाचे नाव घेत होती. आम्ही मनातल्या मनात आमच्या प्रभूचे घेत होतो. पहाटे मुलीला झोप लागली. जाताना आजीने विचारले, "बाबू, तुम्ही कोणाचे?" आम्ही म्हणालो, शेजारच्या खाटेवाल्याचे.

परंतु बसावयासही ज्यांना कोणी मिळाले नाही त्यांचे काय? २०२० व २०२१ ही वर्षे तुम्ही विसरला नसाल. करोनाच्या वॉर्डांत घरच्यांस प्रवेश नव्हता, आम्हांसही नव्हता. २० मार्च २०२० रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले. ज्यांना रुग्णाभ्यंग व ख्रिस्तशरीर मिळणे शक्य नाही अशा मरणोन्मुखांना, ते योग्य मनःस्थितीत असता व हयातीत काही प्रार्थना करीत आले असता, पूर्ण दंडमुक्ती देण्यात आली. किती तरी ठिकाणी परिचारिकांनी आपला फोन रुग्णाच्या कानाशी धरला आणि पलीकडून घरच्यांनी जपमाळ म्हटली. त्या परिचारिका त्या घटकेस धर्मगुरूंचेच काम करीत होत्या, असे म्हटले तर चूक होणार नाही. त्या काळात आपला मनुष्य तेल न लागताच गेला, म्हणून अजून झुरणाऱ्या काही माता आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही पुन्हा झेवियरांचीच गोष्ट सांगतो. ज्यांनी गोव्यात, मोझांबिकात, जहाजांवर शेकडो आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, ते स्वतः ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सान्सियान बेटावर तापाने गेले. जवळ एकही धर्मगुरू नव्हता. अभ्यंग नाही, ख्रिस्तशरीर नाही. अँटोनियो नावाचा एक चिनी तरुण उशाशी होता, तोच त्यांच्यापाशी शेवटपर्यंत बसला. ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून वेदीवर बसविले आहे.

नागपूरची गोष्ट अर्धीच राहिली. शेजाऱ्याने ते सांगितल्यावर थोरल्या मुलाने तेथूनच काकांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. धाकटे भाऊ रात्री अकराच्या पुढे आले, पायांत शेतातलाच चिखल. त्यांना काय बोलावे ते सुचेना. परिचारिका म्हणाल्या, "ऐकू येत असेल असे समजून बोला, आम्ही तसेच बोलतो." मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी दादाचा हात धरला. आम्ही व मुले बाहेर व्हरांड्यात गेलो. ते काय बोलले, आम्हांस ठाऊक नाही; शेजारच्या खाटेवरील त्या भल्या माणसाने ऐकले असेल, पण आम्ही विचारले नाही. दुसऱ्या पहाटे साडेचारच्या सुमारास दादा गेले. दफनाच्या वेळी धाकट्या भावाने पहिली माती टाकली. धुऱ्याचा तंटा अजून तहसील कचेरीत आहे, पण चुलत भावंडे आता एकमेकांशी बोलतात.

दर वर्षी ११ फेब्रुवारी हा लुर्दमातेचा सण जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली तो ठरविला. त्या दिवशी आम्ही मिस्साबलीत रुग्णाभ्यंग संस्कार देणार आहोत. घरी कोणी गंभीर आजारी किंवा वृद्धापकाळाने थकलेले असतील तर त्यांना बैलगाडीने, मोटारीने, जमेल तसे आणावे. आणणे शक्य नसेल तर आम्ही घरी येऊ. घरी स्वच्छ कापड टाकलेले एक लहान मेज, क्रूस आणि एक मेणबत्ती एवढी तयारी पुरे. पलंगाशेजारी एक खुर्ची मात्र ठेवावी.

आणि गोंदियाच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयात तुमचे कोणी असेल तर वेळीच चिठ्ठी किंवा फोन करा. वॉर्डाचे नाव, खाटेचा क्रमांक आणि रुग्णाला आपला रोग ठाऊक आहे की नाही, एवढे कळवा. परतीच्या गाडीची वेळ आम्ही हल्ली कोणास सांगत नाही.